झाडाची उंची आणि चढणाऱ्याचं वय

रत्नागिरी-देवगडकडच्या जुन्या हापूस बागेत तीस-पस्तीस वर्षांचं कलम सहज तीस फुटांच्या वर गेलेलं असतं. शेंड्याकडचा आंबा खालून घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या बांबूने, निघत नाही. माणूस फांदीवर चढतो, एका हाताने तोल सांभाळतो, दुसऱ्या हाताने घळीचा बांबू पुढे सरकवतो आणि आंबा देठासकट जाळीत घेतो. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि तो आंबा खालच्या प्रतीत जातो. नुसतं चढता येऊन भागत नाही. ‘चौदा आणे’ तयार झालेलं फळ पानांच्या गर्दीत हेरण्याची नजर लागते, आणि हे सगळं ऊन तापायच्या आत. हे काम करणारा गडी विशी ते चाळिशीतला असतो. पंचेचाळिशीनंतर गुडघे कुरकुरतात आणि पन्नाशीनंतर बागायतदारच त्याला वर जाऊ देत नाही, कारण पडला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो.

म्हणजे झाडाची उंची ही नोकरीच्या जाहिरातीत न छापलेली वयाची अट आहे. लोकसंख्या म्हातारी होते आहे, मुलं कमी जन्मतात, मग काम कोण करणार, अशी चर्चा हल्ली जोरात आहे. त्या चर्चेत माणसं मोजली जातात, झाडं कुणी मोजत नाही. कामाची आखणी कुठल्या वयाच्या शरीरासाठी केली आहे हे तपासल्याशिवाय माणसं कमी पडतात की नाही हे ठरवताच येत नाही, असं माझं म्हणणं आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी अधिक मुलं होऊ द्या असं सांगितलं, तामिळनाडूचे स्टॅलिन त्याच महिन्यात तसंच काही बोलले आणि डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी २.१ या आकड्याचा (लोकसंख्या टिकून राहायला बाईमागे सरासरी इतकी मुलं लागतात) दाखला देत तीन मुलांचा विषय काढला. आंध्रने तर स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट काढूनही टाकली. आपल्याकडे तीच अट १२ सप्टेंबर २००१ या तारखेवर बेतलेली आहे: त्यानंतर तिसरं मूल झालं तर सरपंचपदाचं स्वप्न सोडायचं. ही अट जायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती गेल्याने बागेला गडी मिळेल असं समजणं म्हणजे यंदा कोय पेरून पुढच्या मे महिन्यात पेटी भरायला बसणं. आज जन्मलेलं मूल कामाला लागायला वीसेक वर्षं जातात. २०४५ पर्यंत जी कामं करायची आहेत ती करणारे सगळे आज जन्मलेले आहेत, आणि तेव्हा जे साठीला येतील ते १९८५ साली जन्मलेले आहेत. शिवाय घरात जास्त मुलं म्हणजे मधली काही वर्षं आई कामाबाहेर, म्हणजे टंचाई आधी वाढणार. दक्षिण कोरियाने मुलं व्हावीत म्हणून पैसा पाण्यासारखा ओतला. तिथला प्रजनन दर २०२३ मध्ये ०.७२ होता, २०२४ मध्ये ०.७५ झाला. जपान २०२४ मध्ये १.१५ वर उतरला.

महाराष्ट्राचा हिशोबही एकदा समोर ठेवू. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथे बाईमागे २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत १.७. नमुना नोंदणी पद्धतीचा २०२० चा आकडा १.५ आहे. गोव्यात १.३. दर १.५ वर राहिला तर प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या साधारण ७१ टक्के भरते: १०० आजी-आजोबांमागे ७१ मुलं-सुना, ५१ नातवंडं. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे ९.९ टक्के होते. सरकारी अंदाजानुसार २०३१ मध्ये ते १५ टक्क्यांच्या घरात असतील.

कोकणात हे चित्र आधीच उभं राहिलं आहे. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गची ८.६९ वरून ८.५० लाखांवर. देश वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. यात पाळण्यापेक्षा एसटीचा वाटा मोठा, हे कबूल करायला हवं: तरुण मुंबईला गेला, घर गणपतीत उघडू लागलं, आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका उरल्या. पण कामाच्या दृष्टीने परिणाम तोच. उद्या विदर्भ-मराठवाड्यातल्या गावाला जे दिसणार ते इथे आधी दिसलं, एवढाच फरक.

यावर हमखास येणारा प्रश्न: बेरोजगारी इतकी असताना मजूरटंचाई कसली? २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यात विरोधाभास नाही. घरात एकच मुलगा असला की त्याच्या शिक्षणावर सगळा पैसा लागतो आणि बारावीनंतर तो फांदीवर चढणार नाही, हे घराने आधीच ठरवलेलं असतं. चार भाऊ होते तेव्हा एक मुंबईला, एक मास्तर आणि दोघे बागेत अशी वाटणी व्हायची. आता वाटणी करायला भाऊच नाही. म्हणून टंचाई सरसकट येत नाही. ती सगळ्यात धोक्याच्या, सगळ्यात हंगामी आणि सगळ्यात कमी मानाच्या कामात आधी येते.

ही पोकळी कोकणाने नेपाळच्या माणसांनी भरली. हंगामाआधी नेपाळी कुटुंबं बागेत येऊन राहतात, राखण करतात, वानरं हाकतात, फवारणीचा पाइप ओढतात, आंबे उतरवतात आणि पाऊस सुरू झाला की परततात. गावात सगळ्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतात. मच्छीमार बोटींवर खलाशीही पुष्कळदा तेच. व्यवस्था चालली आहे, तोवर कुणी विचारत नाही. पण नेपाळचाच प्रजनन दर २०२२ च्या तिथल्या पाहणीत २.१ वर आला आहे, आणि तिथल्या तरुणाला आखात, मलेशिया, कोरिया, जपान असे पर्याय आहेत. जिथून मजूर येतात त्या उत्तर प्रदेशचा दर २००५-०६ मध्ये ३.८ होता, २०१९-२१ मध्ये २.४, बिहारचा ४ वरून ३. आपण ज्या विहिरीतून पाणी उपसतो आहोत तिचा झरा बारीक होतो आहे, आणि त्या पाण्यावर आपल्याहून जास्त पैसे देणारेही टपून आहेत.

मग झाडाकडे परत येऊ. कोकणातल्या बऱ्याचशा बागा १९९० नंतरच्या, रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हाच्या. अंतर दहा बाय दहा मीटर, हेक्टरी १०० कलमं. तेव्हा खड्डे खणणारा पस्तिशीचा शेतकरी आज सत्तरीला आला आहे आणि त्याचं कलमही त्याच्या हाताबाहेर वाढलं आहे. दोघं बरोबरच म्हातारी झाली. झाड जितकं उंच, तितकी प्रत्येक कामाला माणसं जास्त: कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात मोहोर आणि फळांसाठी सहा फवारण्या आहेत, उंच झाडाला पंपावर एक, उतारावरून पाइप ओढायला एक आणि नळी घेऊन वर चढायला एक अशी तीन माणसं गुंततात. तरीही शेंड्याच्या मोहोरापर्यंत औषध नीट पोहोचत नाही, आणि तुडतुडा ही मोहोरावरची कीड तिथेच वाचते.

उंची कमी करता येते. पद्धत माहीत आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ती वर्षानुवर्षं सांगितली आहे. तरुण बागेत आंबा उतरवून झाला की लगेच, पाऊस लागायच्या आत, हलकी छाटणी करायची: सरळ वर गेलेली मधली फांदी काढून झाडाच्या पोटात ऊन घ्यायचं आणि बाजूच्या फांद्या आडव्या पसरू द्यायच्या. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावायची. इथे चूक होते ती वेळेची. आंबा मेअखेरीपर्यंत चालतो, मग माणसं गावाला निघून जातात, छाटणी रेंगाळते, पहिल्या सरींत पेस्ट धुऊन जाते. ऑगस्ट-सप्टेंबरात कापलं तर नवी पालवी उशिरा येते, थंडीपर्यंत पक्व होत नाही, आणि त्या फांदीवर त्या वर्षी मोहोर धरत नाही. मग शेतकरी म्हणतो, छाटणीने आंबा गेला.

जुन्या झाडांचं पुनरुज्जीवन हे मोठं ऑपरेशन आहे. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, यांत्रिक करवतीने झाडाचा वरचा साधारण तिसरा हिस्सा उतरवायचा. मोठ्या जखमा उघड्या राहिल्या तर खोडकिडा शिरतो आणि दोन वर्षांत झाड वाळतं, म्हणून पेस्ट आणि किड्याने पाडलेल्या भुशाचा शोध हे दोन्ही नियमित हवं. कापलेल्या जागी फुटव्यांचा झुपका येतो. त्यातले बाहेरच्या बाजूचे मोजके ठेवून बाकीचे काढायचे. ही विरळणी टाळली की चार वर्षांत झाड पुन्हा तसंच दाट होतं आणि केलेलं सगळं फुकट जातं. पहिले दोन हंगाम हाती जवळजवळ काही लागत नाही. म्हणून शंभर झाडं एकदम कापू नयेत, दर वर्षी तीसेक घ्यावीत. पुनरुज्जीवनाला सरकारी अनुदान आहे, पण ते कापण्याचा खर्च धरतं. बुडालेले दोन हंगाम धरत नाही, आणि खरा अडसर तोच आहे.

नवी लागवड घन पद्धतीने, पाच बाय पाच मीटरवर केली तर हेक्टरी ४०० कलमं बसतात आणि ती बुटकी ठेवता येतात. कागदावर छान. कातळावर मात्र प्रत्येक एक मीटरचा खड्डा सुरुंगाने फोडावा लागतो आणि माती बाहेरून आणावी लागते. शंभरऐवजी चारशे खड्डे म्हणजे सुरुवातीचाच खर्च चौपट. आणि छाटणीची शिस्त मोडली तर दहा-बारा वर्षांत फांद्या एकमेकींत घुसतात, आत अंधार होतो, फळ फक्त वर लागतं. तेव्हा ती बाग जुन्या बागेहून वाईट.

तरीही हे करायला हवं, कारण दहा-बारा फुटांच्या झाडाचा आंबा जमिनीवर उभं राहून ‘नूतन झेला’ या सुधारित घळीने निघतो. पंचावन्न वर्षांचा माणूस तो काढू शकतो. बाई काढू शकते. आज बागेत बायकांना मिळतं ते वेचणी-प्रतवारी आणि डोक्यावर क्रेट घेऊन उतार उतरणं, तेही पुरुषापेक्षा कमी मजुरीवर. जास्त मजुरीचं आंबे उतरवण्याचं काम झाडाच्या उंचीने त्यांच्यापासून तोडलं आहे. झाड खाली आलं तर त्याच गावात, एकही नवं मूल जन्माला न येता, काम करू शकणारी माणसं कितीतरी वाढतात.

ऊसतोडीतही हेच दिसेल. यंत्राने ऊस तोडायचा तर दोन सऱ्यांत साडेचार-पाच फुटांचं अंतर लागतं. अरुंद सरीत यंत्राची चाकं उसावरून जातात. कोयता, म्हणजे ऊसतोड करणारी जोडी, मिळत नाही, मुकादम उचल घेऊन पळाला, अशी ओरड डिसेंबरात होते, पण तोडणी कुणी करायची हे लागणीच्या दिवशी सरी पाडतानाच ठरून गेलेलं असतं.

मग लोक झाडं खाली का आणत नाहीत? आळस हे उत्तर मुंबईत बसून द्यायला सोपं आहे. खरी गाठ सातबाऱ्यावर आहे. बाग सामाईक, उताऱ्यावर दहा-बारा नावं, त्यातली निम्मी कांदिवली-डोंबिवलीत. पिकवणं कुणालाच जमत नाही म्हणून बाग कराराने दिली जाते, एका-दोन हंगामांसाठी, बहुतेकदा तोंडी. करारदार दोन हंगामांचं उत्पन्न सोडून दुसऱ्याचं झाड कशाला कापेल? उलट तो पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे ज्याला सगळे कल्टार म्हणतात ते झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, शिफारशीपेक्षा जास्त ओतून दोन वर्षांत जमेल तेवढा आंबा काढून घेतो. मालक दहा वर्षांचा लेखी करार करत नाही, कारण घरात कूळकायद्याची आठवण अजून ताजी आहे: १ एप्रिल १९५७ ला जमीन कसणाऱ्याची झाली, ही गोष्ट तिसऱ्या पिढीलाही पाठ असते. भीती आज कायद्याने कितपत खरी आहे हा वेगळा मुद्दा. ती व्यवहार ठरवते हे नक्की. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला होता, मालकाचा हक्क अबाधित ठेवून लांब मुदतीचा करार करता यावा म्हणून. महाराष्ट्राने फळबागांपुरता तरी तो मार्ग मोकळा केला, तर लोकसंख्येच्या दहा परिषदांपेक्षा जास्त काम होईल.

जपानने या वाटेवर बरंच डोकं चालवलं आहे. तिथे शेती हाच मुख्य धंदा असलेल्यांचं सरासरी वय २०२० मध्ये ६७.८ होतं. कानागावा प्रांताच्या कृषी केंद्राने नाशपातीच्या झाडांसाठी एक रीत काढली: ओळीतल्या प्रत्येक झाडाचं खोड आडवं वाकवून पुढच्या झाडाला कलमाने जोडायचं. सगळी ओळ एक लांब दांडा होते, फांद्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या उंचीवर येतात, आणि म्हातारा शेतकरी सरळ रेषेत चालत छाटणी-तोडणी करतो. हापूसला हे जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. त्याची वाढीची रग वेगळी. घेण्यासारखा आहे तो प्रश्न विचारण्याचा क्रम: आधी माणसाचं वय धरलं, मग झाड आखलं.

जपानचा दुसरा धडा मात्र जपून घ्यावा. तिथे इच्छुक कामगाराला ६५ पर्यंत काम देणं मालकाला बंधनकारक आहे आणि एप्रिल २०२१ पासून ७० पर्यंत काम देण्याचा प्रयत्न करणं अपेक्षित आहे. पुष्कळ कंपन्या साठीला माणूस निवृत्त करून त्याच टेबलावर कमी पगारात परत घेतात. आपल्याकडे निवृत्तीचं वय वाढवा म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सरकारी कचेरी असते. राज्य सरकारात खुर्चीत बसून करायचं काम ५८ व्या वर्षी संपतं आणि झाडावर चढणाऱ्याला, पन्नाशीत झाड सुटलं तरी, कामातून निवृत्तीच नाही, ही आपली खास तऱ्हा! केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये आहे, आणि ते २००७ पासून २०० च आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत महिना १५०० मिळतात. अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षापासून महिना २१० रुपये भरले तर साठीला ५००० मिळतील, पण तो आकडा महागाईबरोबर वाढत नाही; महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर ४२ वर्षांनंतरचे ते ५००० आजचे साडेसहाशे होतात. अशा स्थितीत साठीपुढचा माणूस काम करतो ते काम आवडतं म्हणून नव्हे. त्याला काम सोपं करून देणं आणि पेन्शन वाढवणं या दोन्ही गोष्टी एकदम लागतील. एकीच्या नावाने दुसरी टाळायची नाही.

आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू असेल तर झाड कितीही बुटकं करा, सून बागेत येणार नाही. कायद्याने पाळणाघराची सक्ती ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला आहे. काजू फोडणाऱ्या लहान युनिटला किंवा बागेला ती लागू होत नाही, आणि म्हाताऱ्यांच्या सांभाळासाठी अशी सोय करण्याची सक्ती तर कुठलाच कायदा मालकावर करत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिका आणि रुग्णसेवक आहेत. मुलांनी जावं, चांगला पगार घ्यावा. पण भाषेचे वर्ग आणि प्रशिक्षण सरकार उभं करू शकतं हे त्यावरून सिद्धच झालं. तसाच एक वर्ग, जर्मनचा तास वगळून, राजापूर-कणकवलीत काढता येईल आणि शिकलेल्या बाईला ग्रामपंचायतीमार्फत पगार देता येईल. एका बाईने गावातली चार-पाच घरं दिवसातून दोनदा पाहिली तरी तितक्याच बायका हंगामात मोकळ्या होतात.

शेवटी पडण्याचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत १० ते ७५ वयापर्यंत मृत्यूला २ लाख रुपये मिळतात आणि अपघातांच्या यादीत ‘उंचावरून पडून’ हेही आहे. पण लाभ शेतकरी खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. सातबाऱ्यावर नाव असलेला पण बारा वर्षांत झाडावर न चढलेला डोंबिवलीतला भाऊ त्यात बसतो. त्याच झाडावर रोज चढणारा नेपाळी गडी बसत नाही.